पाटीलसाहेबांचे बटाटे

११ नोव्हेंबर १९४६, सोमवार. विश्रामबाग, सांगली.
आजपासून रोज लिहायचे. कोण काय बोलले ते नंतर डोक्यात राहत नाही, आणि इथे बोलणारे फार आहेत.

बातमी अशी. आमच्या पंपांच्या कंपनीच्या बंगल्यावर नवे मॅनेजर येणार. नाव पाटील. शाकाहारी आहेत. हेडऑफिसच्या कारकुनाला एवढेच माहीत. निदान तो तसे म्हणाला. मी इथे टेंपररी आहे. झाडलोट करून घेणे, कुलपे, आल्यागेल्याचा स्वयंपाक, सगळे माझ्याकडे. मला परमनंट करायचे की नाही ते पाटीलसाहेब आल्यावर ठरवणार. नाही केले तर वडूजला परत, थोरल्या दादाच्या हाताखाली. दादाच्या हाताखाली म्हणजे वहिनीच्या हाताखाली.

चिंता नाही. पाटील म्हणजे आपलाच माणूस. वडूजकडे जेवढे पाटील पाहिले ते सगळे मराठे, आणि सगळे खाण्याचे शौकीन. हे शाकाहारी आहेत ते डॉक्टरने सांगितले म्हणून असणार. अशा माणसाला पहिल्याच जेवणात जिंकायचे.

रात्री मेनू ठरला. रोस्ट पोटॅटो, बरोबर ग्रीन सॉस. कोणाला सांगायचे नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.
ही डिश चुलतभाऊ लालासाहेबाची. तो पलटणीत साहेब लोकांच्या मेसमध्ये कुक होता, आता साताऱ्याला घरी असतो. दिवाळीत त्याच्याकडून सगळे विचारून घेतले. म्हणाला, लय सोपं हाय गड्या. बटाटं सोलायचं, मोठ्या फोडी करायच्या, मिठाच्या पाण्यात अर्धंमुर्धं उकडायचं. पाणी काढून भांडं खडाखडा हलवायचं, म्हंजी कडा खरबरीत हुत्यात. मग कडकडीत तुपात टाकून वर झाकण, झाकणावर निखारं. कोथिंबीर, पुदिना, मिरची, लसूण पाट्यावर वाटायचं, वर लिंबू आन् गोडंतेल. झाला सॉस. म्हणाला, एकच ध्यानात ठेव, झाकण उघडून बघत बसू नगंस.

आज विचार करताना खटकले. इतके सोपे असेल तर गोरे लोक त्यासाठी कुक कशाला ठेवतील? आणि झाकण उघडू नको म्हणजे काय? आत काय होते ते मला दिसू नये, असा अर्थ निघतो. लालासाहेबाने एखादी पायरी गाळली आहे. भाऊ असला तरी कुक आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार.
कोपऱ्यावरच्या अण्णाप्पाच्या दुकानात बटाटे घ्यायला गेलो. अण्णाप्पा जैन आहे. स्वतः बटाटा खात नाही, विकतो मात्र. कुणासाठी म्हणून विचारले. माझ्या तोंडून गेले, पाटीलसाहेबांसाठी. (चूक. पुन्हा नाही.) त्याने तराजूच खाली ठेवला. म्हणाला, अय्यो, बटाटा नगं. दोडका न्या, केळी न्या, मुगाची डाळ न्या. रामगोंडा आमच्यातला हाय, बटाटा शिवत न्हाई.

मला हसू आले. पाटील आणि आमच्यातला! मी म्हणालो, शेठ, पाटील म्हणजे मराठे. तर म्हणतो, आवं जोतीराम, तुमच्या वडूजला असतील. हिकडं नदीकाठाला गावंच्या गावं हायत जैन पाटलांची.

मी मान डोलावली, पण मनात डाव ओळखला. रामगोंडा हे नावही त्याने तिथल्या तिथे तयार केले असावे. कारकून तर काहीच बोलला नव्हता. अण्णाप्पाला दोन पुतणे आहेत. थोरला रिकामा फिरतो. माझे जेवण फसले की जागा कोणाला मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

बटाटे सांगलीच्या बाजारातून आणले. येताना पिशवी धोतराच्या सोग्याखाली धरली होती.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.
पहिली रिहर्सल. उकडणे उत्तम, हलवणे उत्तम. पुढे झाकण ठेवल्यावर आत काय चालले आहे ते कळेना, म्हणून उघडून पाहिले. ठीक होते. ठीक होते की नाही याची खात्री करायला पुन्हा उघडले. असे होता होता निखाऱ्यांची राख आत पडली आणि फोडी भाजीसारख्या मऊ राहिल्या. कुरकुरीत काहीही नाही.

म्हणजे पायरी गाळली आहे हे सिद्ध झाले. लालासाहेब, शाबास.

राहीबाईला खायला दिले. ती इथे भांडी घासते. तिने राख फुंकली आणि म्हणाली, दादा, भाजी बरी झालीया. मी म्हणालो, भाजी नव्हे. मग म्हणाली, व्हय का? मग काय हाय?

ही बाई अण्णाप्पाच्या घरीही भांडी घासते. आजच लक्षात आले.

१६ नोव्हेंबर, शनिवार.
गाळलेली पायरी सापडली. खाण्याचा सोडा. कुरकुरीत करायला दुसरे काय घालणार?

संध्याकाळ. सोडा नव्हे. फोडींचे पिठले झाले. पातेल्याची कड धरून ओतावे लागले. राहीबाई पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती असे नाही म्हणता येणार, पण रडतही नव्हती.

१८ नोव्हेंबर, सोमवार.
साहेब शुक्रवारी येणार हे नक्की झाले. मिरजेला गाडीने उतरून टांग्याने येतील.

बेत असा: संध्याकाळी पोचतील, हातपाय धुतील, थोडे वाचन. रात्री आठला बत्तीच्या उजेडात टेबल. पांढरा कपडा. मधोमध झाकलेली डिश. झाकण मी स्वतः उचलणार. साहेब म्हणतील, हे काय? मी म्हणणार, रोस्ट पोटॅटो, सर. हे वाक्य रोज पाच वेळा म्हणतो आहे, न अडखळता.

दुपारी राहीबाईने अंगण झाडता झाडता सांगितले, दादा, सायेब आलं की येळ घालवू नगा, ती माणसं दिस बुडायच्या आत जेवत्यात. मी विचारले, कोणी सांगितले? म्हणाली, सांगायला कशाला पायजे, अण्णाप्पाच्या घरात रोज बघती की.

अण्णाप्पाच्या घरात! सगळे धागे तिकडेच जातात. आठची वेळ तिला कुठून कळली याचाच मी विचार करतो आहे. वाक्य मोठ्याने म्हणायला नको होते. घाईने रांधायला लावून कच्चे बटाटे साहेबांपुढे जावेत, असा तो बेत दिसतो. वेळ आठच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.
अण्णाप्पा स्वतः बंगल्यावर आला. हातात धुतलेले जाड पांढरे फडके. म्हणाला, पाणी ह्यातनं गाळून ठेवा, रामगोंडाला बरं वाटंल. आन् तुमालाबी बरं हुईल. मी विचारले, मला का? तर हसला आणि गेला.

तुमालाबी बरं हुईल. ही धमकी आहे की काय? फडके हुंगले. वास साबणाचा. तरी विषाची परीक्षा कशाला? कपाटात कुलूप लावून ठेवले. साहेबांना दाखवायला उपयोगी पडेल.

आडाचे पाणी स्वच्छ आहे. मी रोज तेच पितो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.
तिसरी रिहर्सल मुद्दाम केली नाही. जास्त सराव केल्याने हात बिघडतो.

पुदिना मिळाला, ताजा. कोथिंबिरीची जुडी ओल्या कापडात गुंडाळून खिडकीत ठेवली. लसूण भरपूर घालणार. लष्करातले साहेब लसणावर जीव टाकत, असे लालासाहेब म्हणाला होता. ही एक गोष्ट तो खरी बोलला असावा, कारण ती त्याने मी न विचारता सांगितली.

अण्णाप्पाचा प्रश्न उद्या निकाली काढायचा. साहेबांच्या कानावर सगळे घालणार, आणि तेही जेवणाआधी, म्हणजे जेवताना त्यांच्या मनात संशय राहणार नाही. कोणाचे नाव घेऊन बोलणे बरे नव्हे, पण ज्याच्या घरात राहायचे त्याला सावध करणे हे नोकराचे कर्तव्य आहे. काय बोलायचे ते घोकून ठेवले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्र.
क्रमाने लिहितो.

चारच्या सुमाराला बटाटे पातेल्यात घातले. ही फक्त चाचणी होती, खरे आठसाठी वेगळे राखले होते. झाकण ठेवले, वर निखारे ठेवले, तेवढ्यात फाटकाशी अण्णाप्पा दिसला. नवे धोतर, काळी टोपी, हातात केळ्यांचा घड. मी स्वयंपाकघर सोडून व्हरांड्यात उभा राहिलो, त्याच्यावरची नजर काढली नाही. तोही तिथेच उभा. असे आम्ही बराच वेळ उभे होतो.

मग टांगा आला. साहेब अपेक्षेपेक्षा पुष्कळ लवकर. तरुण, चष्मा, पायात बूट. उतरले आणि अण्णाप्पासमोर एकदम खाली वाकले. मला वाटले बुटाची नाडी सुटली. वर येताना म्हणाले, दाजी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आता शहरी माणसे कोणालाही दाजी म्हणतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही.

आत आल्यावर साहेबांनी पाणी मागितले. मी तांब्या दिला. त्यांनी आत पाहिले आणि विचारले, गाळलंय का? मी म्हणालो, सर, त्याबद्दलच बोलायचे आहे. कपाट उघडून फडके काढले, टेबलावर ठेवले आणि घोकलेले सगळे बोललो. हा दुकानदार मला बटाटे देत नव्हता. जेवणाची वेळ बदलायला बाईकडून निरोप पाठवत होता. पुतण्याला चिकटवण्यासाठी माझ्या पाण्यात, माझ्या चुलीत, सगळीकडे हात घालत होता. तुम्ही जैन आहात असेसुद्धा सांगत होता, सर.

एकदाही अडखळलो नाही.

अण्णाप्पाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. राहीबाई दारात होती, ती म्हणाली, आता गं बया.

मग साहेबांनी विचारले, वास कशाचा येतोय? मी धावत आत गेलो. पातेले विसरलो होतो. करपले असणार म्हणून झाकण उचलले, तर फोडी सोन्यासारख्या. कडा कुरकुरीत, आत मऊ, चमच्याने हलवल्या तर खुळखुळल्या. इतका वेळ मी झाकण उघडलेच नव्हते. सॉस वाटलेला तयार होता. पांढरा कपडा टाकला, डिश मधोमध ठेवली. अजून दिवस होता, बत्तीची गरज पडली नाही. म्हणालो, रोस्ट पोटॅटो, सर.

साहेबांनी वाकून पाहिले. म्हणाले, फार सुरेख दिसतंय हो. आमच्या घरात चार पिढ्या कोणी बटाटा खाल्लेला नाही. मी म्हणालो, सॉस तरी घ्यावा, नुसता पाला आहे. त्यांनी विचारले, लसूण? मी हो म्हणालो. त्यांनी वाटी हळूच लांब सरकवली.

साहेबांनी केळी खाल्ली, अण्णाप्पाने पाणी गाळून दिले. दिवस बुडाला तेव्हा जेवण झालेले होते.

बटाटे राहीबाईने खाल्ले. म्हणाली, दादा, देवाशपथ, असलं कवा खाल्लं न्हाई.

२३ नोव्हेंबर, शनिवार.
सकाळी साहेबांनी बोलावले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे वाटले असते.

म्हणाले, बटाट्याचं काही नाही. नवा माणूस आहे, शिकला असता. अण्णाप्पा माझे दाजी, माझी थोरली बहीण त्यांच्या घरात आहे. मी येण्याआधीच ते मला सांगत होते, पोरगा वडूजचा आहे, हात स्वच्छ, कुलपाचा पक्का, त्याला कायम कर. मी काल तेच करायला आलो होतो. पण ज्याला माझ्या घरात पाणी भरायचं, तो ज्याच्या त्याच्यावर संशय घ्यायला लागला तर मी कोणाच्या हातचं पाणी प्यायचं?

मी म्हणालो, सर, तुम्ही जैन आहात हे मला कोणी नीट सांगितले नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

बंगल्याच्या किल्ल्या राहीबाईकडे. मला कडेगावच्या गोदामावर पाठवत आहेत, पंपांची राखण करायला. टेंपररीच. तिथे स्वयंपाकघर नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार. मोटारीत.
स्टँडवर अण्णाप्पा आला होता. राग दिसत नव्हता, म्हणजे नीट लपवला असावा. मी सरळ विचारले, शेठ, तुम्ही माझी शिफारस का केली? तो म्हणाला, आवं, चांगला पोरगा वाटलासा, म्हणून केली. दुसरं काय असतंय त्यात?

दुसरे काय असते ते मी तासगाव येईपर्यंत शोधत होतो. सापडले नाही. पुतण्याला जागा मिळालीच नाही. तो साताऱ्याला पलटणीत भरती व्हायला गेला, असे राहीबाई म्हणाली.

निघताना अण्णाप्पाने खिडकीतून एक पुडी दिली, वाटेत खायला. उघडून पाहिली. चुरमुरे, फुटाणे आणि गुळाचा खडा.

अजून खाल्लेले नाही. शेजारचा म्हातारा दोनदा म्हणाला, खा की रं पोरा, का धरून बसलाईस?

भूक फार लागली आहे.