‘ला’ नसलेलं वाक्य

शनिवार, संध्याकाळ. मांडवी.

अजून हसू आवरत नाहीये. शेजारच्या शमीमभाभींची दुबईतली नात झोया फक्त इंग्रजी बोलते. आजी फोनवर आली की पळून जाते. म्हणून भाभी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात.

अडत होतं एकाच जागी. “बाई, ‘तुला सांदणं केली’ यातला ‘ला’ इंग्रजीत जातो कुठे?”

इंग्रजीत ‘ला’ नाही, नुसता क्रम. आधी नात, मग ती फणसाच्या रसाची वाफवलेली सांदणं. पण त्या सांदणं आधी घ्यायच्या, ‘आय मेड सांदण यू’, आणि सांदणांसाठी नात केल्यासारखं व्हायचं. मी तरी किती नीट समजावलं, कोण जाणे.

आज त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. “आय मेड यू सांदण.”

अगदी बरोबर. मी श्वास रोखून बसले. झोया पळाली नाही. म्हणाली, “सेंड मी टू.”

भाभींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “नो टू. आय सेंड यू टेन.”

‘विल’ राहिलं होतं. राहू दे म्हटलं.

फोन ठेवून भाभींनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, “बाई, दुबईपर्यंत सांदणं टिकतील ना?”