खिळ्यावरचं हरीण

३ डिसेंबर १९४८, शुक्रवार, आठवड्याची सुट्टी.
ऑफिसच्या क्लबात दरवर्षी रानातल्या पशुपक्ष्यांच्या फोटोंची स्पर्धा असते. पहिला आलेला फोटो वर्षभर हॉलमध्ये टांगतात. हॉलमध्ये खिळा एकच, तोही माझ्या टेबलाच्या वर. सध्या तिथे आमच्याच ऑफिसातल्या हणमंतरावाचं हरीण आहे. मी फाईल उघडली की ते माझ्याकडे बघतं, अगदी हणमंतरावासारखं. यंदा ते उतरवणार. स्वतःच्या हाताने उतरवून त्याच्या हातात ठेवणार.

७ डिसेंबर.
चिक्कडपल्लीच्या दत्तोबा फोटोवाल्याला सायकल दिली, कॅमेरा घेतला. पोलीस अ‍ॅक्शननंतर विलायतेला गेलेल्या एका साहेबाचा. भाता, लांब लेन्स, तिवई, डोक्यावर घ्यायचं काळं कापड, काचेच्या प्लेटा. हणमंतरावाकडे साधा डबा कॅमेरा, सायकलच्या हँडलला लटकवून फिरतो. दत्तोबा म्हणाला, पक्ष्यासाठी डबाच बरा. बिचाऱ्याला धंदा कळत नाही. मालनबाईने विचारलं, आता ऑफिसला कसे जाणार? बायकोला ध्येय वगैरे काही नाही.

१० डिसेंबर, शुक्रवार. मीर आलम तलाव.
नल्लकुंट्याहून तिवई खांद्यावर घेऊन चालत. राखी बगळा दिसला! कापडात शिरलो, फोकस केला. काचेवर बगळा उलटा. तो सुलटा कसा करायचा हे बघेपर्यंत उडाला. अतिशय उथळ पक्षी.

१८ डिसेंबर.
कालच्या तीन प्लेटा कोऱ्या. दत्तोबा म्हणतो, प्लेटीपुढची उजेड अडवणारी पट्टी ओढलीच नाही. हे हणमंतरावाला कुणी सांगितलं? भर हॉलमध्ये विचारलं, अंधेरे का फोटू निकाले क्या जी? सगळे हसले. हसणाऱ्यांची नावं मागच्या पानावर लिहिली आहेत. एकूण अकरा.

३० डिसेंबर.
नव्या कारभाराची कसली तरी नोटीस फिरली. सही केली. वाचली नाही, फोकसचा विचार चालू होता.

७ जानेवारी १९४९, शुक्रवार. तलाव. पहाटे साडेपाच.
आज पट्टी ओढणार. आज हणमंतराव संपला.

त्याच दिवशी, दुपार.
बगळा आला नाही. कापडाखाली ऊब होती, जरा डोळा लागला. मागे सायकलची घंटी वाजल्यासारखी वाटली. तरी पाण्याकडे रोखून प्लेट घेतली. धुतल्यावर बगळा निघेल.

८ जानेवारी.
साहेबांनी विचारलं, काल गैरहजर का? म्हटलं, काल शुक्रवार. त्यांनी नोटीस पुढे केली. तीन जानेवारीपासून सुट्टी शुक्रवारऐवजी रविवारी. खाली माझी सही, फार सुंदर आली आहे. मला शोधायला हणमंतरावाला धाडलं होतं म्हणे. साहेब म्हणाले, तो रिकाम्या हाताने परतला नाही. मला तर आणलं नाही, मग काय आणलं?

१६ जानेवारी, रविवार.
निकाल. माझ्या प्लेटीत फक्त पाणी. पहिला हणमंतराव. फोटोत तिवई, काळं कापड, कापडाबाहेर मागे उरलेला पाठमोरा मी, आणि माझ्यामागे हातभर अंतरावर राखी बगळा, आपली पाळी कधी येते बघत उभा. बगळा फार सुरेख आला आहे, हे मान्य करताना जीव जळतो.

१७ जानेवारी.
शिपाई म्हणाला, टेबल तुमचं, तुम्हीच चढा. हरीण स्वतःच्या हाताने उतरवलं, हणमंतरावाच्या हातात ठेवलं. नवा फोटोही मीच टांगला, पण मुद्दाम तिरका. वर्षभर तसाच राहील. सूड पूर्ण.

१८ जानेवारी.
हणमंतरावाने सरळ केला. काचही पुसली.