उलटी मेंढरं

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. तुमची कॉम्प्युटर ग्राफिक्सची लॅब आता माझ्याकडे आहे. खुर्चीसुद्धा तुमचीच.

शिरूरच्या आपल्या कॉलेजात तुम्ही आम्हाला आधी मशीनला हातच लावू देत नसायचात. ग्राफ पेपरवर पेन्सिलने चौकोन भरून चित्र काढायचं आणि मग त्या चौकोनांचे आकडे मशीनला द्यायचे. कागदावर आकडे खालून वर वाढतात, स्क्रीनवर वरून खाली. हे तुम्ही मुद्दामच सांगत नसायचात. मी ते पुस्तकात आधीच वाचून ठेवलं होतं. माझ्या चित्रातला ट्रॅक्टर स्क्रीनवर पहिल्याच फटक्यात चाकांवर उभा राहिला. मी तुमच्या तोंडाकडे बघतेय. तुम्ही वाकून बघता, "बरोबर हाय," म्हणता आणि पुढच्या टेबलाकडे जाता.

तिथे ती बसलेली, निमोण्याची, घरी मेंढरं असलेली. तिने कळप काढला होता आणि अख्खा कळप पाय वर करून आभाळाला लटकला होता.

"आगं, ही मेंढरं वर कशाला टांगलीस?"

"न्हाई सर, म्या जमिनीवरच उभी केल्ती. ह्या डब्यात शिरल्यावर उलटी झाली."

तुम्ही इतके हसलात की डोळ्यांना रुमाल लावावा लागला. मग स्टूल ओढून तास संपेपर्यंत तिच्यापाशी बसलात, समजावत. वर त्या चित्राची प्रिंट काढून दाराशेजारी लावलीत. तुम्ही दौंडचे, मी वरवंडची, एका तालुक्यातली आपण. स्टूल मात्र निमोण्याच्या पोरीपाशी. माझं काय चुकलं होतं? काहीच चुकलं नव्हतं, तेच तर. नुसता जळफळाट झाला माझा. अजून होतो. ती आता पुण्यात असते. भेटली की तुमच्या हसण्याची नक्कल करते, आणि ती तिला हुबेहूब जमते.

दरवर्षी नव्या पोरांना मी ती जुनी प्रिंट खणातून काढून दाखवते. पोरं खदाखदा हसतात. यंदा एकीने विचारलं, "मॅडम, कुणाचं हाय वो हे?"

"माझं," मी म्हणाले.

"मग सर वरडले आसतील."

"छे. हसले. स्टूल ओढून माझ्यापाशी बसले तासभर."

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्याच टेबलाच्या खणात टाकते. प्रिंटच्या कोपऱ्यात तिचं नाव आहे, सर. ते मी खोडलेलं नाही. दाखवताना त्यावर अंगठा ठेवते.