आत्याचं म्हातारपण

४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी मध्येच भरकटतो म्हणतेस, म्हणून हे पत्र. वृद्धशास्त्राचा ऑनलाइन पदवीचा अभ्यास अजून चालू आहे, हसू नकोस! एका वृद्ध नातेवाइकाची पाहणी करून अहवाल द्यायचा होता. व्हिडिओवर तुला खुर्चीतून उठायला, चालायला लावलं, ते त्यासाठीच. आत्या, मी वर्गात पहिला आलो. मी! सध्या सायकल दुकानाच्या माळ्यावर राहतोय. मालकाची मांजर माझ्या कीबोर्डवरच झोपते, आणि तिला उठवलं की... असो. तुझी अवस्था मात्र बरी दिसली नाही. उठताना दोनदा धपकन मागे बसलीस, साधा 'चमचा' हा शब्द आठवेना. एकटं राहणं धोक्याचं, असं मी लिहिलं आणि अहवाल बाबांनाही पाठवला.

माया असू दे, आणि भिंत धरून चाल.

तुझा,
भिरभिरा

११ जून

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ. (सवयीने लिहिलेत, मनातून एकही नाही.)

अरे गाढवा, मी नाटक करत होते! दोन अभ्यासक्रम अर्ध्यावर टाकलेस, हा तरी पार पडावा म्हणून. धडधाकट बाईवर तू काय डोंबल लिहिणार होतास? आता माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझे तीर्थरूप, रविवारी मला कायमची न्यायला येतोय. माझ्या शिलाई मशीनला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. मी ठणठणीत आहे म्हटलं, तर म्हणतो, वृद्ध माणसं अशक्तपणा लपवतात, असं पोराच्या अहवालातच आहे. परवा तो बघायला आला तेव्हा ऊठबशा काढून दाखवल्या, तर घाबरून डॉक्टरला फोन लावायला धावला. माझं मशीन, माझी गिऱ्हाइकं, माझ्या दाराची किल्ली, सगळं तुझ्या पहिल्या नंबरापायी चाललंय. निस्तर आता.

रागातही तुझीच,
आत्या

१५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्यावर चिडलो, मग स्वतःवर, मग मांजरीवर. शेवटी शिक्षिकेला सगळं कळवलं. त्यांनी विचारलं, समोरच्या माणसाचं सोंगही कळलं नाही, तर तू नेमकं बघत काय होतास? गुण रद्द. पाहणी पुन्हा, आणि तीही दुसऱ्या वृद्धाची. बाबांना सांगितलं, तर त्यांना वाटलं तूच मला पढवलंस. मग रद्द झालेला निकाल दाखवला. तो त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, जन्मात एकदा आलेला पहिला नंबर हा मुलगा उगाच सोडणार नाही. रविवारचं येणं रद्द. तुझं मशीन तुझ्याकडेच.

अडचण एकच आहे. नव्या पाहणीसाठी मी बाबांनाच विचारलं, तर आपण म्हातारे नाहीच म्हणून ते रुसून बसलेत. तू त्यांची थोरली बहीण, जरा समजाव ना.

लोभ आहेच, ओरडतानाही तो राहू दे.

तुझा,
भिरभिरा