भिंतीवरचा नान

मार्गिलान,
११ मार्च

प्रिय इल्होम अका,

सलाम. तुम्ही, वहिनी, मुलं सगळे खुशाल असाल. इथे आईचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. जर्दाळूला कळ्या आल्यात. आता पुन्हा गारठा पडला नाही म्हणजे मिळवली.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तुम्ही जे विचारलंत ते सोडून बाकी सगळं सुचत होतं.

आपलं व्यापारी मंडळ पूर्वीचं राहिलं नाही. बाबांनी आणि रेशीमवाल्यांनी चायखान्याच्या माडीवर ते सुरू केलं, तेव्हा कुणा दोघा व्यापाऱ्यांचं फाटलं की तिथे येऊन मिटायचं. कुणी माल घेऊन परदेशी निघाला, तर तो परत येईल याला मंडळ जामीन राहायचं. आता दाखले घरबसल्या निघतात. नवे सभासद वर्गणी देताना विचारतात, मंडळ करतं तरी काय? मी शिक्का मारते आणि पावती पुढे सरकवते. घरी येईपर्यंत बोलायचंही त्राण उरत नाही.

पुढच्या महिन्यात मंडळ नव्या इमारतीत जातंय. माडीच्या भिंतीवर एकच नान उरलाय, तुमचा. परदेशातल्या प्रदर्शनाला निघताना तुम्ही सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे आपापल्या नानाचा एकेक चावा घेऊन तो इथे टांगला होता, उरलेला परत येऊन खायचा म्हणून. बाकीचे परतले, त्यांनी आपापला नान चहात बुडवून संपवला. आई दर नवरोजला येऊन तुमच्या नानावरची धूळ झटकते. तुम्ही तिकडेच राहिलात, आणि पुढे कित्येक वर्षं मंडळाच्या शब्दावर इथल्या कुणाला व्हिसा मिळाला नाही. हे मी कधी लिहिलं नव्हतं.

यंदा पहिल्यांदा मिळालाय. प्रदर्शन तुमच्याच शहरात आहे. अध्यक्ष हमदमकाकांनी बैठकीत जाण्यासाठी माझं नाव सुचवलं. मंडळातल्या तुर्सुनबोयचं कापड व्हिसा बंद झाल्यापासून अडकलेलं, तो कशाला सोडतो? म्हणाला,

"त्या घरचा एक नान अजून लटकतोय. दुसऱ्याला खिळा कुठाय?"

काका चहा फुंकत म्हणाले, "खिळा मी ठोकतो."

तुम्ही लिहिलंत, ये आणि परत जाऊ नकोस, तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय. अका, ती खोली मी मनात कितीदा झाडली. खिडकीला पडदासुद्धा लावला. तिथे मला कुणी कशाला जामीन राहणार नाही, मीही कुणाला नाही. नुसती झोपेन.

काल काकांनी नान पुढे धरला. परत येशील ना, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी खोटं बोलले असते. मी चावा घेतला. काकांनी तो तुमच्या नानाशेजारी टांगला.

घरी आईला सांगितलं. ती आधी गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, "त्याचा त्याला नेऊन दे. लोखंड झालं असेल. म्हणावं, दुधात भिजव, दात जपून. किती वर्षं टांगून ठेवायचं लेकराला?"

म्हणून तुमचा नान आज उतरवला. माझ्या ओढणीत गुंडाळून सोबत आणतेय. खोलीत चार रात्री राहीन. आपण दोघं मिळून तो भिजवू, पण खायचा तुम्हीच.

माझा इथे भिंतीवर आहे.

परत येणारी,
तुमची मुनव्वर