घर मारितला

मी, ऑर्व्हिल ट्वेट, या राज्याचा माजी महाधिवक्ता, लोकांनी तीनदा निवडून दिलेला, राहणार हॅलम क्रीक, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहितो. यकृत कामातून गेलं आहे, डोकं शाबूत आहे. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. पिकअप गाडी शेजारी डेल यांना. ब्रेक नीट लागत नाहीत, हे त्यांना सांगूनही ते ऐकणार नाहीत.

२. माझ्यानंतर निवडून आलेल्या गृहस्थाने माझी तसबीर स्वच्छतागृहाच्या वाटेवर टांगली. त्याला माझ्या दफनविधीत बोलू देऊ नये.

३. घर आणि अंगणातलं पेकनचं झाड माझी एकुलती मुलगी मारित हिला. ती कैद्यांची वकील. तुरुंगातल्या उकाड्याविरुद्ध तिने बोहॅनन या म्हाताऱ्या कैद्यातर्फे दावा लावला. आमच्याकडे असा दावा महाधिवक्त्याच्या नावावर लागतो, म्हणून कागदावर आलं: बोहॅनन विरुद्ध ट्वेट, आणि खाली बोहॅननतर्फे वकील ट्वेट. कचेरीत सगळे हसले, मीही हसलो. हाताखालच्या कुणालाही पाठवता आलं असतं, पण मी स्वतः उभा राहिलो. अर्ज मुदतीनंतर आला, एवढ्याच मुद्द्यावर जिंकलो. कायदा माझ्या बाजूने होता, आजही आहे. ऑगस्टमध्ये बोहॅनन उकाड्याने कोठडीतच मेला. मारित घरी आली, पण बसली नाही.

"जिंकलात, जनरल," एवढंच म्हणाली.

महाधिवक्त्याला इथे सगळे जनरलच म्हणतात. माझ्या मुलीने मात्र घरात तसं कधी म्हटलं नव्हतं. त्यानंतर ती या दारात आलेली नाही.

४. मारित, हे कलम कायद्यात बसत नाही, तरी लिहितो. घर विकायचं तर खुशाल वीक, पण आधी एकदा स्वयंपाकघरात येऊन बस. मी मरतोय आणि मला फार भीती वाटते. नर्सने फोन केले, तू उचलले नाहीस. मी आहे तोवर ये. भांडायला ये, पण ये गं.

हॅलम क्रीक, ९ नोव्हेंबर
(सही) ऑर्व्हिल ट्वेट

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. साक्षीदार:

१. डेल्फीन ओक्स, नर्स

२. मारित ट्वेट, वकील. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही, हे मला माहीत आहे. घर नको. सही होईपर्यंत मी त्यांचा हात धरून होते.