मावळतीचा कडा

मुक्काम लोंढा, पौष महिना

आईच्या पायांवर, निपाणीकडे तोंड करून डोकं ठेवतो.

मी बरा आहे. आमच्या नव्या साहेबाला थंडीत रानवाटा तुडवायचा लई नाद, आणि दुभाषा म्हणून मी रोज त्याच्या मागं. सूर्य बुडेपर्यंत तो कड्यावरनं हलत न्हाय. मी शिदोरी सोडली की म्हणतो, "आधी बघ, मग खा." दिवस मावळल्यावर आम्ही जैन माणसं खात न्हाय, हे ह्याला किती वेळा सांगू?

काल ढग दाटले, साहेब वैतागून लवकर माघारी फिरला. घाईघाईनं शिदोरी सोडली, तर ढगामागं सूर्य आहे का गेला, तेच कळेना. भाकरी तशीच बांधून ठेवली.

धाकट्या बहिणीचा, ब्राह्मीचा खोकला थांबला का?

वेळेवर जेवतोस का, म्हणून विचारलंस. नियम मोडला न्हाय, काळजी करू नको.

तुझा कलगोंडा